पत्र वेळेवर वाचलं पाहिजे



एका वाचक भगिनीनं पत्रातून विचारलंय, "आमच्या भिशीत परवा स्त्रीमुक्तीचा विषय निघाला. सगळ्याजणी म्हणाल्या, या बाया म्हणजे दुसऱ्यांची घरं मोडणाऱ्या. मला काही बोलता आलं नाही, पण पटलंही नाही. तुम्ही यावर लिहाल का?"

लिहिते. हा प्रश्न आपल्या पांढरकवड्याच्या भिशीत निघतो, तसा वणीच्या नि यवतमाळच्या भिशीतही निघतच असेल. त्यावर नुसती मतं मांडून भागत नाही. स्वयंपाक कसा झाला ते चव घेऊन कळतं, तसं माणसाचं काम त्याचं आयुष्य बघून कळतं. म्हणून आज एका बाईंच्या कामाबद्दल सांगते. त्यांचं नाव विद्या बाळ. 'स्त्री' मासिकाच्या संपादिका, नंतर 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या संस्थापक, आणि महाराष्ट्रातल्या स्त्रीचळवळीतलं मोठं नाव. ३० जानेवारी २०२० रोजी त्या पुण्यात वारल्या. सगळे त्यांना विद्याताईच म्हणत, आपणही तसंच म्हणू या.

विद्याताईंचा जन्म १९३७ सालचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन त्या १९५८ साली बी. ए. झाल्या. मग लग्न, संसार, आणि थोडे दिवस पुणे आकाशवाणीवर काम. इथवर वाचून तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? शिकलेली, संसारी, घर सांभाळून थोडंफार बाहेरचं करणारी अशी एखादी आत्या नाहीतर मावशी आमच्याही घरात आहे. अगदी बरोबर. हेच मला आधी सांगायचं होतं. विद्याताई काही आकाशातून पडल्या नव्हत्या. तुमच्याआमच्यासारख्याच घरातून त्या निघाल्या.

१९६४ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, त्या 'स्त्री' मासिकात सहायक संपादक म्हणून लागल्या. 'स्त्री' हे नाव आपल्या आई-आजीच्या पिढीच्या चांगलं ओळखीचं. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ते सुरू केलं. त्यात गोष्टी असत, पाककृती असत, विणकामाचे नमुने असत, आणि त्यांच्या शेजारीच बाईचं शिक्षण, तिची मिळकत, तिची तब्येत, तिचे हक्क यांवरचे लेखही असत. लोणच्याच्या प्रमाणासाठी घेतलेल्या अंकातून हे विचारही घरात शिरत. कुणाला कळायच्या आत शिरत, हे त्यातलं विशेष!

बाईनं संपादक असणं ही आपल्याकडे तशी नवलाची गोष्ट नाही. विसाव्या शतकाच्या सुरवातीलाच तानुबाई बिर्जे या बाईंनी पतीच्या मागं सत्यशोधकांचं 'दीनबंधू' हे पत्र संपादक म्हणून चालवलं होतं. पण असं काम करणाऱ्या बायका थोड्या, आणि त्यांची नावं आपल्या मुलींच्या पुस्तकात क्वचितच येतात.

तर सहायक संपादकाचं काम म्हणजे काय? आलेलं लिखाण वाचायचं, निवडायचं, प्रुफं तपासायची, लेखिकांना आठवण करून द्यायची, वाचकांची पत्रं बघायची. घरकामासारखंच हे. रोज करावं लागतं, आणि केलेलं दिसत नाही. विद्याताईंनी हे काम एकोणीस वर्षं केलं, आणि मग १९८३ साली त्या मुख्य संपादक झाल्या. अशा जागी बसलेल्या बाईसमोर गावोगावच्या बायकांचं मन रोज टपालानं येऊन पडतं. 'कृपया नाव छापू नये' असं खाली लिहिलेली पत्रं आपणही वाचतो, हळहळतो, आणि पान उलटून भाजीला फोडणी घालायला उठतो. संपादकाला पान उलटून चालत नाही.

या मधल्या वर्षांतल्या दोन गोष्टी मुद्दाम सांगते. एक, त्यांनी 'कमलाकी' नावाचं चरित्र लिहिलं. ते डॉ. कमलाबाई देशपांडे यांचं. कमलाबाई म्हणजे न. चिं. केळकरांच्या कन्या. त्यांना अकाली वैधव्य आलं, पण त्या शिकल्या, परदेशी जाऊन डॉक्टरेट मिळवून आल्या, आणि स्त्रीशिक्षणाच्या कामात राहिल्या. दुसरी गोष्ट, १९७४ साली विद्याताई पुणे महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. जनसंघाच्या उमेदवार म्हणून. त्या पडल्या.

ही दुसरी गोष्ट ऐकून काहीजणी चमकतील. पुढं ज्यांना सगळा महाराष्ट्र डाव्या-पुरोगामी मंडळींत पाहू लागला, त्या आधी जनसंघाकडून उभ्या होत्या? होत्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही. माणूस चाळिशीला आल्यावरसुद्धा नव्यानं विचार करू शकतो, हे त्यातून शिकायचं. आपण मात्र पस्तिशीतच म्हणून टाकतो, "आता आमचं काय राहिलंय बाई, मुलांचं बघायचं!"

त्या काळात देशातही बरंच घडत होतं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष झालं. त्याच्या आधी, १९७२ साली, आपल्या विदर्भातच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. देशाला ती मुलगी 'मथुरा' या नावानं ठाऊक झाली. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं. मुलीनं आरडाओरडा केला नाही, अंगावर खुणा नाहीत, म्हणून! यावर १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना एक उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार. त्या पत्रानं देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. एका पत्रात केवढी ताकद असते बघा. मात्र ते कुणीतरी वाचून मनावर घ्यावं लागतं.

आता मंजुश्रीचं सांगते, कारण विद्याताईंच्या कामाला खरं वळण तिथं लागलं.

मंजुश्री सारडा ही बीडकडची मुलगी. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न होऊन ती पुण्याला आली. जून १९८२ मध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झाले असताना, ती विषानं मेली. या चार महिन्यांत तिनं आपल्या बहिणीला आणि एका मैत्रिणीला पत्रं लिहिली होती. आपण सुखात नाही, नवऱ्याचं वागणं बरोबर नाही, अशा अर्थाची. खालच्या कोर्टानं नवऱ्याला फाशी सुनावली, हायकोर्टानं ती कायम केली, पण १९८४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुरावा संशयापलीकडे सिद्ध होत नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. हा खटला आजही कायद्याच्या अभ्यासात शिकवतात.

कोर्टाचा निकाल तो निकाल, त्यावर मी काही बोलत नाही. मला त्या पत्रांबद्दल बोलायचंय. ती पत्रं वकिलांनी वाचली, न्यायाधीशांनी वाचली, शब्दाशब्दाचा कीस पाडला. इतकी बारकाईनं वाचली गेली, पण ती सगळी मुलगी गेल्यावर! ती जिवंत असताना त्या पत्रांना उत्तर म्हणून काय व्हायला हवं होतं? कुणीतरी जाऊन तिला काही दिवस घरी आणायला हवं होतं. यात मी माहेरच्यांना दोष देत नाही. लेकीचं पत्र आलं की "नवीन नवीन आहे, रुळेल हळूहळू" असंच आपण सगळे म्हणतो. आपल्या आया असंच म्हणाल्या, आपणही लेकींना तेच म्हणतो.

त्याच सुमाराला पुण्यात शैला लाटकर या विवाहितेचाही मृत्यू झाला. शहर हललं. १९८२ साली विद्याताई आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच ही संस्था उभी केली. या संस्थेनं एक प्रदर्शन तयार केलं, 'मी एक मंजुश्री'. विवाहित बायकांचा घरात होणारा छळ, हुंडा, संशयास्पद मृत्यू यांवरचं. हे प्रदर्शन महाराष्ट्रात ठिकठिकाणी फिरलं. नाव बघा कसं ठेवलं. 'बिचारी मंजुश्री' असं ठेवलं असतं तर पाहणाऱ्या बाईनं हळहळ केली असती आणि घरी गेली असती. 'मी एक मंजुश्री' म्हटल्यावर पाहणारीलाच स्वतःचा विचार करावा लागला.

आणि झालंही तसंच. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका आपलं सांगू लागल्या. आजवर कुणाजवळ न बोललेलं. मग या बायकांना बसून बोलायला जागा तरी हवी, त्यांचं ऐकणारं कुणीतरी हवं, यातून मंचाचं 'बोलते व्हा' हे केंद्र निघालं. घरातलं दुःख बाहेर बोलायचं नाही, ही आपली रीत. कुलीन घरात तर फारच. विद्याताई म्हणत होत्या की आधी बोला तरी. बोलल्यावर वाट निघते, कधी घरातल्या घरात, कधी घराबाहेर.

आता भिशीतला प्रश्न पुन्हा घ्या. या बायका घरं मोडतात का? मंजुश्रीचं घर कुणी मोडलं? कुठलीही स्त्रीमुक्तीवाली बाई तिच्या घरी गेली नव्हती. गेली असती तर बरं झालं असतं, असंच मला वाटतं. घर मोडायचं ते आतूनच मोडत जातं. बाहेरची बाई फार तर "अगं, भिंतीला तडा गेलाय" एवढं सांगते. ज्यानं तडा दाखवला त्यालाच भिंत पाडल्याचा दोष, हा कुठला न्याय?

'स्त्री'चं संपादकपद विद्याताईंनी १९८६ पर्यंत सांभाळलं. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८९ मध्ये, त्यांनी स्वतःचं मासिक काढलं, 'मिळून साऱ्याजणी'. तेव्हा त्या ५२ वर्षांच्या होत्या. आपल्याकडे या वयात बाई सुनेच्या हाती घराच्या किल्ल्या देऊन जपमाळ घेते. मासिक काढणं म्हणजे कागदाचा भाव, छपाईचं बिल, टपालखर्च, वर्गणी गोळा करणं, जाहिरातींसाठी दारोदार जाणं. मागं मोठा छापखाना नाही. आणि मासिक असं, की त्यात गोऱ्या रंगाच्या क्रीमची स्तुती नाही नि उपासतापासांची माहिती नाही. अशी मासिकं दोन-चार वर्षांत बंद पडतात. 'मिळून साऱ्याजणी' मात्र तीस वर्षांच्या पुढं गेलं. विद्याताईंच्या मागून गीताली वि. मं. यांनी संपादनाची जबाबदारी उचलली.

नावाचा विचार करा. मंगळागौरीला, भुलाबाईच्या गाण्याला, हळदीकुंकवाला आपण मिळून साऱ्याजणीच तर असतो. बायका एकत्र आल्या की नुसत्या चहाड्या करतात, असं पुरुष म्हणतात. चहाड्या होतात, नाही असं नाही. पण त्यातच अडीनडीला पैसे जमतात, बाळंतिणीच्या खाटेशी आळीपाळीनं बसणं ठरतं, कुणाच्या मुलीला स्थळ सुचवलं जातं. हे एकत्र येणं विद्याताईंनी कागदावर आणलं, आणि त्याला विचाराची जोड दिली. पुरुषांनाही त्यांनी बाहेर ठेवलं नाही. बाई बदलली आणि पुरुष तिथंच राहिला तर घरात ओढाताण होणारच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून २००८ साली नारी समता मंचानं पुरुषांसाठी 'पुरुष संवाद केंद्र' काढलं. घर मोडायला निघालेली बाई असला उद्योग कशाला करील?

शेवटचा मोठा लढा त्यांनी २०१६ साली दिला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ देत नाहीत, म्हणून त्यांनी आणि ॲड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई हायकोर्टात याचिका केली. महाराष्ट्रात १९५६ पासूनच कायदा आहे, की सार्वजनिक हिंदू देवस्थानात कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. साठ वर्षं तो तसाच कपाटात पडून होता. १ एप्रिल २०१६ ला हायकोर्टानं सरकारला बजावलं की या कायद्याची अंमलबजावणी करा. त्यानंतर आठवड्याभरात, गुढीपाडव्याला, देवस्थाननं चौथरा सगळ्यांना खुला केला. यावरून पुष्कळ वाद झाला. "जायचं नसेल तर जाऊ नये, कोर्टात कशाला?" असं आपल्याकडंही बायकाच म्हणत होत्या. पण नवरात्रात आपण केळापूरच्या जगदंबेला ओटी घेऊन जातो, रांगेत तासन् तास उभ्या राहतो. तिथं उद्या कुणी म्हणालं, "बायकांनी पायरीच्या खाली थांबायचं," तर? जायचं की नाही हे आपण ठरवणं वेगळं, आणि दुसऱ्यानं दार लावून घेणं वेगळं.

आयुष्याच्या शेवटाबद्दलही त्या मोकळेपणानं बोलत. सन्मानानं मरण्याचा हक्क माणसाला असावा, असं त्यांचं मत होतं. सगळ्यांना ते पटेल असं नाही. मलाही त्यांची सगळीच मतं पटतात असं मी म्हणणार नाही. पण वयाच्या २७ व्या वर्षी सहायक, ४५ व्या वर्षी 'मी एक मंजुश्री', ४६ व्या वर्षी संपादक, ५२ व्या वर्षी स्वतःचं मासिक, ७९ व्या वर्षी हायकोर्ट, हा हिशेब मात्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा असा आहे. "आता वय झालं" असं मनात आलं की दार उघडून बघायचं.

हे सगळं पुण्या-मुंबईचं, आमच्या पांढरकवड्यात काय, असं कुणी म्हणेल. तर आपल्याच जिल्ह्यातलं सांगते. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागं घेतलं गेलं, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या. त्यांच्या पतीनं शेतीच्या कर्जापायी जीव दिला होता. त्यांनी 'तेरवं' या शेतकऱ्यांच्या विधवांवरच्या नाटकात कामही केलं होतं. व्यासपीठावर देशातले नामवंत साहित्यिक, आणि बोलत होती आपल्या भागातली, कापसाच्या शेतातली बाई. पुण्याचं केंद्र त्यांना माहीत असो की नसो, बोलतं होणं म्हणजे काय ते त्या दिवशी यवतमाळनं पाहिलं. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, यावर आपल्या आळीत अजून कुजबुज चालते, आणि इथं तिच्या हातानं संमेलनाचा दिवा लागला.

मग आपण काय करायचं?

मोर्चे काढा, मासिक काढा, असं मी सांगत नाही. काढलंत तर आनंदच आहे. पण प्रत्येकीला घरबसल्या करता येईल असं एक काम विद्याताईंच्या आयुष्यातून निघतं. ते म्हणजे पत्र वेळेवर वाचणं. आता पत्रं कुणी लिहीत नाही. लेक नागपूरला दिलेली असो, आदिलाबादला नाहीतर पुण्याला, फोनवर बोलणं होतं. तेव्हा फोनच पत्र समजा आणि नीट वाचा.

रोज बोलणारी मुलगी अचानक दोन-दोन आठवडे बोलत नसेल, बोलली तरी शेजारी कुणीतरी उभं असल्यासारखी "हो, बरी आहे, ठेवते" एवढंच म्हणत असेल, तर कान टवकारा. फोन तिच्याजवळ राहू देत नसतील, माहेरी सणालाही पाठवत नसतील, दागिने मोडल्याचं अडखळत सांगत असेल, "माय, मले थोडे दिवस घरी ने" असं एकदा जरी म्हणाली असेल, तर ते एकदाच पुरे समजा. "रुळेल" म्हणू नका. भाऊ किंवा वडील पाठवण्यापेक्षा तुम्ही स्वतः जा. दोन दिवस राहा. स्वयंपाकघरात तिच्याबरोबर भाजी निवडत बसलात की फोनवर जे महिनाभर कळलं नाही ते अर्ध्या तासात कळेल.

ती घरी यायचं म्हणाली तर आणा. "लोक काय म्हणतील" याचं उत्तर नंतर शोधता येतं. घरी आणणं म्हणजे संसार मोडणं नव्हे. पुष्कळ संसार असे महिनाभर लांब राहून, मध्ये चार समजूतदार माणसं घालून पुन्हा नीट लागलेले आहेत. पण ती परत जाईल ती तिच्या इच्छेनं जाईल, आपल्या सोयीनं नव्हे, एवढं बघा.

लग्नाच्या वेळी दिलेल्या दागिन्यांची आणि वस्तूंची यादी, पावत्या, फोटो जपून ठेवा. मुलीच्या आधारकार्डाची, शाळा-कॉलेजच्या दाखल्यांची एक प्रत माहेरी असू द्या. तिच्या एकटीच्या नावाचं बँकेत खातं असू द्या, आणि त्यात भाऊबीजेचे म्हणून का होईना, थोडे पैसे पडत राहू द्या. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. "पडले" असं सांगू नका.

कायदाही माहीत हवा. विवाहितेच्या छळासाठी १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं, ते मंजुश्रीसारख्या मुलींच्या मरणावरून उठलेल्या आवाजामुळंच. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात हाच गुन्हा ८५ व्या कलमात आहे. शिवाय २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाणच नव्हे तर शिवीगाळ, उपाशी ठेवणं, पैसे काढून घेणं हेही येतं. राहत्या घरातून बाईला बाहेर काढता येत नाही. नवऱ्याला लगेच तुरुंगात घालायचं नसेल, नुसतं संरक्षण आणि खर्च हवा असेल, तर हा कायदा त्यासाठी आहे. या कामासाठी सरकारनं संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. शेजारणीनं त्यांना खरी माहिती दिली तर तिच्यावर कसलाही दावा होत नाही, हे विशेष लक्षात ठेवा. "आपण कशाला मध्ये पडा" हे म्हणायची त्यामुळं सोयच उरत नाही!

वकिलाची फी परवडत नाही ही अडचणही खरी नाही. बाईला, तिची मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. जिल्ह्याला जिल्ह्याचं प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते, कोर्टात चौकशी केली की कळतं. फोनवरून विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. महिलांची मदतवाहिनी १८१, आणि जिवावर बेतलं असेल तर ११२. हे तीन आकडे गॅसच्या नंबराशेजारी लिहून ठेवा, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींनाही पाठ करायला सांगा.

आणि भिशीचं म्हणाल, तर तिथंच सुरवात करा. वीस-पंचवीस बायका दर महिन्याला जमतो. नंबर काढून झाला, चिवडा-चहा झाला, की पंधरा मिनिटं अशी ठेवा, की ज्यात कुणीही काहीही बोलावं, आणि बोललेलं त्या खोलीबाहेर जाऊ नये. पहिले दोन महिने सगळ्या गप्प बसतील. कुणी सुनेच्या तक्रारी सांगेल. तिसऱ्या महिन्यात एखादी खरं बोलेल. तिला मध्येच तोडू नका, "माझ्या वेळी तर याहून वाईट होतं" म्हणू नका, लगेच उपदेशही नको. आधी ऐका. ज्या बाईला नवरा नाही तिलाही त्या बैठकीत मानानं बसवा. आपल्या सुनेलाही एखाद्या वेळी बरोबर न्या. तिचंही एखादं पत्र आपल्याच घरात न वाचलेलं पडलं असेल.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं सांगणं, की पुढच्या भिशीत गप्प बसू नका. मंजुश्रीची गोष्ट सांगा, आणि ते तीन नंबर सगळ्यांना लिहून द्या. मग विचारा, घर मोडणारं नेमकं कोण? काय उत्तरं आली ते मला जरूर कळवा. नाव छापायचं नसेल तर तसं लिहा, छापणार नाही. पण पत्र वाचीन, आणि वेळेवर वाचीन.